सोडण्यासाठी घडवलेला हूक

31 ऑगस्ट 2024 रोजी हवाई दलाचे एमआय-17 केदारनाथहून गौचरकडे निघाले, तेव्हा त्याच्या पोटाखाली दुसरे हेलिकॉप्टर टांगलेले होते. मे महिन्यात तातडीने उतरावे लागल्यापासून ते नादुरुस्त यंत्र वरच अडकून पडले होते. थोडे अंतर जाताच भार हेलकावू लागला, तो वाहणारे हेलिकॉप्टर सावरेना. तेव्हा वैमानिकाने निर्मनुष्य जागा पाहून भार सोडून दिला. कुणाला इजा झाली नाही. बातम्यांत तो अपघात ठरला. पण पोटाखालचा हूक ज्या कामासाठी घडवलेला असतो, नेमके तेच काम त्याने त्या दिवशी केले होते.

क्रेनचा हूक सुटता कामा नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, कारण क्रेनचे पाय जमिनीवर असतात. हेलिकॉप्टर मात्र स्वतःच अधांतरी. भार झुलू लागला की तो लंबकासारखा वरच्या यंत्राला ओढतो. दोर झाडात अडकला की यंत्र जमिनीला बांधले जाते. इंजिन बंद पडले तर फिरत्या पात्यांच्या आधारावर खाली येताना लटकते ओझे घातकच ठरते. या तिन्ही प्रसंगांत वाचायचे तर ओझे टाकून द्यावे लागते.

हेलिकॉप्टरने दोराला काही टांगावे, ही कल्पना जवळजवळ हेलिकॉप्टरइतकीच जुनी. 29 नोव्हेंबर 1945 रोजी अमेरिकेत कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात खडकावर आदळलेल्या बार्जवरून सिकॉर्स्की आर-5 ने दोन माणसे दोराने वर घेतली. पुढे माणसांपेक्षा माल जास्त लटकू लागला. ओरेगॉनमध्ये 1957 साली कोलंबिया हेलिकॉप्टर्स सुरू करणाऱ्या वेस लेमाटाला लांब दोराच्या पद्धतीच्या प्रवर्तकांत गणतात. तिच्यात वैमानिक खालच्या माणसाच्या खुणांवर विसंबत नाही. खिडकीतून बाहेर वाकून थेट भाराकडे पाहत उडवतो. 1962 साली उडालेल्या सिकॉर्स्की स्कायक्रेनमध्ये तर भार डोळ्यांसमोर राहावा म्हणून मागे तोंड करून बसणाऱ्या वैमानिकासाठी वेगळी जागा आणि नियंत्रणे दिली होती. 1971 पासून कॅलिफोर्नियाच्या जंगलातून ओंडके उचलण्याचा धंदा सुरू झाला. तिथे काही मिनिटांना एक खेप, आणि प्रत्येक खेपेला अडकवणे-सोडणे.

ओंडक्यांचा धंदा सुरू होण्याआधीच, 1964 साली, अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने बाहेर लटकणाऱ्या भारांसाठी स्वतंत्र नियमावली आणली. तिची वर्गवारी भाराच्या वजनावर बेतलेली नाही. भार हवेत सोडता येतो का, आणि तो जमिनीपासून पूर्ण उचलला जातो की तारेसारखा जमिनीला टेकून ओढला जातो, हे त्यात पाहिले जाते. भार सोडण्याची मुख्य कळ वैमानिकाचा हात उड्डाणात असतो त्याच दांड्यावर हवी, आणि ती चालली नाही तर दुसरी सोयही हाताशी हवी, असा दंडक पडला. कळ शोधायला हात हलवण्याइतकीही सवड तेव्हा नसते.

सोडणे सोपे केले की नको तेव्हा सुटण्याची भीती येतेच. कळ कुणी दाबलेली नसतानाही ओझी खाली पडली आहेत. चुकीच्या मापाची कडी हुकात घातली, तर झोल पडताच ती उलटून हुकाच्या तोंडावरच्या अडसरावर चढते आणि पुढच्या ताणात बाहेर निसटते. म्हणून कडीचे माप हा वरवर क्षुल्लक तपशील तपासयादीत पक्का बसला. दोराचेही तसेच. नायलॉनसारखा ताणणारा दोर भार सुटताच उसळून पात्यांकडे येतो; न ताणणारा हलका कृत्रिम दोर घेतला, तर तो परतीच्या रिकाम्या खेपेत वेग वाढताच पतंगाच्या शेपटीसारखा मागे उडून शेपटीच्या पंख्यात जातो. मग रिकाम्या दोराच्या टोकालाही वजन लावायचे आणि वेग आवरायचा, असा शिरस्ता ठरला.

खाली उभ्या असलेल्यांचे धडे वेगळे. फिरती पाती कोरड्या हवेत, धुळीत, हिमात स्थिर विद्युतभार साठवतात. लटकता हूक उघड्या हाताने धरणाऱ्याला जबर झटका बसतो. आधी जमिनीशी जोडलेला दांडा हुकाला टेकवायचा, मगच हात लावायचा. कडी अडकवून झाली की ठरलेल्या वाटेने बाजूला व्हायचे, आणि उचललेल्या भाराखाली कुणीही थांबायचे नाही. तो भार कोणत्याही क्षणी जाणूनबुजून सोडला जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच तिथले काम चालते.

मग दोराला पुन्हा माणूस टांगायची वेळ आली, तेव्हा हे गृहीतक उलटे करावे लागले. वीजवाहिनीवर काम करणारा तंत्रज्ञ किंवा पुरातून उचललेला माणूस एका चुकीच्या स्पर्शाने सुटून चालणार नव्हते. माणसासाठीच्या उपकरणातही सोडण्याची सोय ठेवली आहे, कारण दोर अडकला तर वरचे सगळेच धोक्यात येतात. पण तिथे सोडण्यासाठी दोन वेगवेगळ्या कृती कराव्या लागतात. मालासाठी वैमानिकाला एक क्षणही थांबू न देणाऱ्या नियमाने माणसासाठी मात्र मुद्दाम एक पायरी वाढवली.