ईश्वराचा बांध आणि मनुष्याचीं घरें

कच्छच्या मोठ्या रणाच्या वायव्येस, आजच्या भारत-पाकिस्तान सीमेलगत, भूमीचा एक लांबच लांब उंचवटा आहे. त्याची लांबी सुमारें ८० किलोमीटर भरते. उंची मात्र थोड्या मीटरांचीच. भूगर्भशास्त्राच्या इतिहासांत त्याला जें स्थान लाभलें, तें पुष्कळ उत्तुंग पर्वतांनाहि लाभलेलें नाहीं. लोक त्याला 'अल्लाबंद' म्हणतात. अठराव्या शतकांत सिंधच्या अधिपतींनीं सिंधूच्या पूर्वेकडील फांट्यावर बांध घालून कच्छचें पाणी तोडलें होतें, व त्यामुळें लखपतकडील भातशेती बुडाली होती. ते बांध मनुष्यांनीं घातलेले. हा मात्र ईश्वरानें घातलेला, असा भेद त्या नांवांत आहे. ईश्वराचें काय आणि मनुष्याचें काय, हा विवेक कच्छच्या भूकंपांचा इतिहास वाचतांना फार उपयोगी पडतो.

हा बांध एकाच सायंकाळीं वर आला. १६ जून १८१९ रोजीं कच्छांत प्रचंड भूकंप झाला. रणांतील सिंद्रीच्या लहानशा किल्ल्यांत कच्छचें जकातीचें ठाणें होतें. तेथील भूमि खचली, पाणी आंत शिरलें व किल्ला बुडाला. एका बुरुजावर चढलेल्या माणसांची दुसऱ्या दिवशीं होड्यांतून सुटका झाली. किल्ल्याच्या उत्तरेस पाहतात तों पूर्वीं सपाट असलेली भूमि वर उचललेली! भुज शहरांत सुमारें ७,००० घरें पडलीं, आणि अहमदाबादेंतील जामा मशिदीचे प्रसिद्ध मिनारहि ढासळले.

इंग्रजांचा कच्छमधील प्रतिनिधि मॅकमर्डो ह्यानें लिहिलेली ह्या उत्पाताची हकीकत मुंबईच्या लिटररी सोसायटीनें १८२३ सालीं छापली. पुढें अलेक्झांडर बर्न्स ह्यानें १८२७-२८ मध्यें तो प्रदेश स्वतः पाहिला. चार्लस् लायल ह्यानें आपल्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथांत सिंद्रीचें चित्र दिलें, तें ह्याच कारणास्तव. पृथ्वीचें रूप बदलणाऱ्या शक्ति केवळ पुराणकाळांतील नसून आजहि चालू आहेत, हें त्याला दाखवावयाचें होतें. आणि एका बाजूस खचलेली व दुसऱ्या बाजूस उचललेली ही भूमि म्हणजे त्याचा प्रत्यक्ष पुरावाच होता. तो बांध मात्र अभेद्य ठरला नाहीं. १८२६ सालीं सिंधूला पूर आला आणि नदीनें त्यांतून आपली वाट काढली.

विद्वानांनीं ही घटना ग्रंथांत जतन केली; घर बांधणाऱ्यांपर्यंत तिचा बोध पोंचला नाहीं. २१ जुलै १९५६ रोजीं अंजार येथें भूकंप झाला व शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं, २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं, ७.७ प्रतीच्या भूकंपानें सारा कच्छ हादरला. १३,००० हून अधिक माणसें मेलीं. त्याच अंजारमध्यें प्रजासत्ताकदिनाच्या फेरीस निघालेलीं शाळकरी मुलें एका अरुंद गल्लींत दोहों बाजूंच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. भूमि हलली हें ईश्वराचें कृत्य म्हणूं. गल्ली अरुंद कोणीं ठेवली? ओबडधोबड दगड मातींत रचून त्यांवर जड छप्परें कोणीं चढविलीं?

२०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेंत तर नव्या पद्धतीच्या उंच इमारती कोसळल्या. त्यांपैकीं कित्येकींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठीं नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. उलट बन्नी प्रदेशांतील मालधारी लोकांचीं 'भुंगा' नांवाचीं मातीचीं घरें पुष्कळ ठिकाणीं टिकलीं. भुंगा गोल, ठेंगणा व हलक्या छपराचा असतो. वर्तुळाकार भिंतीला धक्का कोणत्याहि बाजूनें बसला तरी त्याचा भार वांटला जातो; चौकोनी घराचे कोपरे फाटतात तशी तिची गत होत नाहीं.

आमच्याकडेहि हेंच घडलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप कच्छच्या मानानें पुष्कळच लहान होता. परंतु जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचीं जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं आणि हजारों प्राण गेले.

असे भूकंप क्वचित् होतात, मग त्यांची चिंता रोज कशाला, असें कोणी म्हणेल. १८१९ पासून १९५६ पर्यंत १३७ वर्षें गेलीं. १९५६ पासून २००१ पर्यंत अवघीं ४५. ह्या दोन आंकड्यांवरून पुढील दिवस सांगूं पाहणें हें शास्त्र नव्हे, ज्योतिष होय. कच्छ धोक्याच्या पट्ट्यांत आहे इतकें निश्चित, दिवस अनिश्चित. जेथें दिवस कळत नाहीं, तेथें घरच सदैव सिद्ध असावें लागतें.

२००१ नंतर कच्छांत हजारों घरें नव्या नियमांप्रमाणें उभीं राहिलीं. दारांखिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना एकत्र बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा हें त्यांचें मुख्य लक्षण. भुजच्या भुजिया टेकडीवर मृतांचें विशाल स्मृतिवनहि २०२२ सालीं खुलें झालें. स्मारक उचितच आहे. परंतु ज्यांनीं तो दिवस पाहिला नाहीं, अशी पिढी आतां घरें बांधूं लागली आहे. ती मजला चढवितांना तो पट्टा ठेवते कीं पैसे वांचवून गाळते, ह्यावरच पुढील भूकंपांतील मृतांची संख्या ठरेल. अल्लाबंद आपल्या हातचा नव्हता. हा पट्टा आहे.