बेळगावची रेघ

सीमाभागात इतिहास म्हटला की १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख पुढे येते. त्या दिवशी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि नकाशावरची रेघ आपल्या घराघरांतून फिरली. त्या रेघेवर पुष्कळ लिहून झालं. मला आज दुसऱ्याच एका रेघेविषयी लिहायचं आहे.

चित्रकार रवी परांजपे यांचा जन्म १९३५ साली बेळगावात झाला. कलेचे धडे त्यांनी इथंच, के. बी. कुलकर्णी सरांच्या 'चित्र मंदिर'मध्ये गिरवले. समोर दिसतं ते आधी नीट पाहा, मग काढा, ही त्या शिक्षणाची बैठक. तिला ना मराठी लागे, ना कानडी. पुढे मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाचा कलाविभाग, रतन बात्रा यांचा स्टुडिओ, नंतर नैरोबी आणि उत्तरायुष्यात पुणे असा त्यांचा प्रवास झाला. जून २०२२ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

बोधचित्रं, जाहिराती आणि वास्तुचित्रं हा त्यांचा चरितार्थ. संगणक नव्हता तेव्हा न बांधलेली इमारत गिऱ्हाइकाला दाखवायची कशी? वास्तुरचनाकाराच्या सपाट नकाशावरून डोळ्याची पातळी ठरवायची, रेषा दूर जिथं मिळतात ते बिंदू शोधायचे, मग ऊन, सावली, झाडं, माणसं रंगवायची. परांजपे यांनी यात नाव कमावलं.

अशा कामावर 'कमर्शिअल' असा शिक्का मारून पुष्कळ जण मोकळे होतात. पण जपानच्या होकुसाईची लाकडी ठशांची चित्रं त्याच्या काळात दुकानांतून स्वस्तात विकली जात. आज तीच जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बाजारासाठी काढलं म्हणून चित्र हलकं ठरत नाही. परांजपे यांनी स्वतःची स्वतंत्र चित्रंही रंगवली, पाश्चात्त्य आधुनिकतेच्या आंधळ्या अनुकरणाला विरोध केला, भारतीय लालित्याचा आणि अलंकरणाचा आग्रह धरला आणि 'ब्रश मायलेज' हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. अमूर्त चित्रातही साधना असते, असं मी मानतो. पण त्यांच्या टीकेमागं कसलेला हात होता, हे नाकारता येणार नाही.

कुलकर्णी सरांच्या नावाचं कलादालन बेळगावात आहे, ही समाधानाची गोष्ट. शिष्याच्या कामाचं काय? छापील चित्राचं आयुष्य मासिकाइतकंच. मासिक रद्दीत गेलं की चित्रही गेलं. सीमेवरच्या मराठी घरांनी मुंबई-पुण्याचे अंक हौसेनं आणले आणि कपाटात जपले. या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळा. कुठल्याशा कथेच्या डोक्यावर, कोपऱ्यात बारीक सही केलेलं एखादं चित्र आपल्या बेळगावच्या माणसाचं निघेल. ते पान तेवढं वेगळं ठेवा.