ज्येष्ठ व दिव्यांग भाविकांसाठी वाहनसेवा : नियोजन आणि निधी



देवदर्शनाची ओढ वयाबरोबर वाढत जाते. शरीराची साथ मात्र कमी होत जाते. काकड आरतीस वर्षानुवर्षे येणारे एखादे आजोबा वा आजी दिसेनासे होतात, तेव्हा त्यांची भक्ती आटलेली नसते. घर ते मंदिर हे अंतर त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. हे अंतर न्यासाला कसे मिटविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

हैदराबादेत सार्वजनिक बससेवेची परंपरा जुनी आहे. निझाम स्टेट रेल्वेच्या मार्ग-वाहतूक विभागाने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी तिचा प्रारंभ केला. २००३ मध्ये एम.एम.टी.एस. लोकल व नोव्हेंबर २०१७ मध्ये मेट्रो सुरू झाली. फेब्रुवारी २०२० पासून नारायणगुडा व सुलतान बाजार ही स्थानकेही मेट्रोने जोडली गेली. ९ डिसेंबर २०२३ रोजी महालक्ष्मी योजनेखाली तेलंगणातील महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या व एक्सप्रेस बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. भाडे माफ झाले, परंतु बसची पायरी होती तेवढीच उंच राहिली. मेट्रो स्थानकात उद्वाहन आहे; घरापासून स्थानकापर्यंतची वाट मात्र ज्याची त्यालाच चालावी लागते. आपली सेवा हवी ती या उरलेल्या अंतरासाठी.

दिव्यांगांना वाहतुकीची सुगम सोय मिळणे ही केवळ दयेची बाब नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगतांचा समावेश असून त्यात सुगम वाहतुकीची स्वतंत्र तरतूद आहे. सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यात हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगता अभ्यास केंद्राच्या अहवालाचा आधार घेतला होता.

देवस्थानांची उदाहरणेही आपल्यासमोर आहेत. तिरुमला येथे डोंगरावर देवस्थानाचे विनामूल्य 'धर्मरथ' फिरतात. यादगिरीगुट्टा येथे २८ मार्च २०२२ रोजी नूतन मंदिर खुले झाल्यावर खासगी वाहनांना डोंगरावर मज्जाव करून परिवहन महामंडळाच्या बसगाड्या भाविकांसाठी विनामूल्य सोडण्यात आल्या.

नियोजन

१) नोंदणी : प्रथम वस्तीवार यादी करावी. पत्ता, वय, चाकाची खुर्ची वा काठी, घरी जिने किती, सोबतीस कोण, एवढी माहिती पुरे. यादीवाचून घेतलेले वाहन दारात उभे राहते.

२) दिवस : पंचांग हेच आपले वेळापत्रक. महिन्यातील दोन एकादशा, एक संकष्टी व चार गुरुवार मिळून सात दिवस होतात. उरलेल्या दिवशी रुग्णालय व बँकेसाठी फेरी ठेवता येईल. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या वेळी ती विशेष उपयोगी पडेल.

३) वाहन : पायरी ठेंगणी, आधारास दांडा व खुर्चीसाठी उतरंड आवश्यक. कायम उतरंडीसाठी उंचीच्या बारापट लांबी हे मान्य प्रमाण आहे. मंदिराच्या दारीही तेच पाळावे. अन्यथा वाहनातून उतरलेला भाविक पायरीशीच अडेल.

४) मनुष्यबळ : चालकाखेरीज प्रत्येक फेरीस एक सेवेकरी हवा. हात कुठे धरावा, खुर्ची कशी उतरवावी, याचे शिक्षण त्याला आधी द्यावे.

५) कायदा : खासगी नोंदणीच्या वाहनातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. म्हणून प्रवाशाकडून फेरीमागे काहीही घेऊ नये. परवाना व विमा यांविषयी परिवहन कार्यालयाकडून आधीच लेखी खुलासा घ्यावा.

निधी

एक ढोबळ हिशेब पाहू. एका दिशेस १२ किलोमीटर अंतर व आणणे-पोहोचविणे मिळून दिवसात अशा चार खेपा धरल्यास ४८ किलोमीटर होतात. सात दिवसांचे ३३६. लिटरला १० किलोमीटर धरता महिन्याला सुमारे ३४ लिटर इंधन लागेल. यावरून दिसते की इंधन हा मोठा खर्च नव्हे. चालकाचे वेतन, विमा व दुरुस्ती हा खरा भार आहे. वाहन देणारा दाता मिळतो, कारण त्यावर नाव लिहिता येते. वेतनावर नाव लिहिता येत नाही. अनेक चांगल्या सेवा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थांबतात त्या याच कारणाने.

म्हणून वाहन घेण्यापूर्वी कायम निधी उभारावा. दहा लाखांच्या ठेवीवर सहा टक्के दराने वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,००० मिळतात. त्यास 'एक दिवसाची सेवा' अशा स्मृतिदिन व वाढदिवसाच्या देणग्यांची जोड द्यावी. कंपनी अधिनियम २०१३ खालील सामाजिक दायित्व निधीसाठीही अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी न्यासाच्या नोंदण्या व मागील कामाचा लेखा चोख हवा. प्राप्तिकर सवलतीच्या देणग्यांस विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या हितापुरती मर्यादित असलेली संस्था चालत नाही. तेव्हा ही सेवा परिसरातील सर्व ज्येष्ठ व दिव्यांग रहिवाशांस खुली असावी व तिचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. नियमासाठी नव्हे, तर धर्मासाठीही हेच योग्य होय.

आरंभी भाड्याच्या वाहनाने तीन महिने प्रयोग करावा व त्याचा जमाखर्च वार्षिक सभेपुढे ठेवून पुढील निर्णय घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. तूर्त सभासदांस एकच विनंती : आपल्या गल्लीतील, इमारतीतील ज्या व्यक्ती मंदिरात येणे सोडून बसल्या आहेत, त्यांची नावे त्यांच्या संमतीने न्यासाच्या कार्यालयात नोंदवावीत. देव जागचा हलत नाही. त्याच्या भक्तांना त्याच्यापर्यंत आणणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपला नम्र,
सचिव