काताची भट्टी आणि सरपण

शेणवा परिसरात, शहापूर-मुरबाडच्या रानात राहणाऱ्या कातकऱ्यांचे नावच काताच्या धंद्यावरून पडले. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळायच्या, उतरलेला अर्क आटवून घट्ट करायचा. विड्यातला कात तो हाच. सुप्त उष्णता शिकवताना आम्ही हेच उदाहरण घेतो. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे खैराखेरीज सरपणाची बेगमीही हवी, आणि तेही वाळलेले. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्याच्यातलेच पाणी उडवण्यात जाते. (कॅनडात मेपलचा सुमारे ४० लिटर रस आटवून एक लिटर पाक करणारेही लाकूड आधीच रचून ठेवतात.) १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातला खैर तोडणे गुन्हा ठरले, सरपणावरही बंधने आली. भट्ट्या विझत गेल्या. पुष्कळ कातकरी कुटुंबे मग उचल घेऊन ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबू लागली.