शेंदूर, लांबी आणि समुद्राचे पाणी

१९८० च्या सुमारास लिंबायतमधल्या आमच्या दोन खोल्यांत एक मत्स्यपेटी होती. आप्पा खानदेशातून सुरतेला लूमवर कामाला आले, पण हात सुताराचे. पेटी त्यांनी स्वतः बांधली. लोखंडी अँगलची चौकट, तळाला शहाबादी फरशी, बाजूंना काच, आणि काच व लोखंड यांच्यामध्ये लांबी. खडूची पूड जवसाच्या तेलात मळायची आणि तीत शेंदूर घालायचा, ही कृती त्यांना एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवली होती. पेटी तयार झाली तरी मासे येत नसत. आप्पा पाणी भरत, चार दिवसांनी ओतून देत, पुन्हा भरत. महिनाभर हे चाले. आम्ही कुरकुर केली की म्हणत, "पेटीला आधी पाणी पिऊ द्या, मग मासे." मला ती त्यांची अंधश्रद्धा वाटे.

पुढे या छंदाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा आप्पांची पेटी थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन भिडली. समुद्री जीव काचेच्या पेटीत ठेवून अभ्यासण्याचा प्रयोग झान व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी १८३२ मध्ये सिसिलीत केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने घरोघरी पेट्यांचे वेड लावले. त्या पेट्यांनाही धातूची चौकट, पाटीच्या दगडाचा तळ आणि तेलात मळलेली लांबी असे. लांबी घट्ट बसावी म्हणून तीत शिशाची संयुगे घालीत. शेंदूर हे त्यांतलेच एक. आपल्या मारुतीला तेलात कालवून लावतात तोच. शिसे पाण्यात उतरले तर आतले जीव मरतात, हे त्या लोकांना अनुभवाने कळले. म्हणून ते सांध्यावर लाखेचा लेप देत आणि पेटी कित्येक आठवडे पाण्याने भरून 'मुरवत'. आप्पांना गॉस ठाऊक नव्हता. मिस्त्रीकडून आलेली रीत मात्र तीच होती.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेव्हा पेट्यांचा सांधा हा असाच नाजूक विषय होता. खारे पाणी लोखंड खाते. गंज लांबी उचलतो. लांबी उचलली की काच हलते. हा पेच सोडवला सिलिकोनने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा पदार्थ कारखान्यात तयार होऊ लागला आणि १९६० च्या दशकात त्याने काच काचेला जोडून बिनचौकटीच्या पेट्या बनू लागल्या. हवेतला ओलावा घेऊन तो घट्ट होतो, आणि त्या वेळी त्यातून सिरक्यासारखा वास येतो. तो वास म्हणजे अॅसेटिक आम्ल बाहेर पडत असल्याची खूण.

सिलिकोन आला आणि आम्हांला वाटले, मुरवण्याचे दिवस संपले. मीही तसेच समजलो. समुद्री पेटी करायची ठरली. खरे प्रवाळ आणायचे नव्हतेच. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. सिमेंटचे खडक घरी करून, महिनाभर पाण्यात भिजवून त्यांचा क्षार काढला होता. ते मागच्या काचेवर टेकवायला एक फळी हवी होती. न्हाणीघरासाठी मिळणारी सिलिकोनची नळी आणली, रात्री फळी चिकटवली, दुसऱ्या दिवशी पाणी भरले आणि दोन क्लाऊनफिश सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तरंगत होते. नळीवर 'बुरशीरोधक' असे स्पष्ट लिहिले होते. ते वाचायचे राहून गेले होते. बुरशी मारणारे द्रव्य की न उडालेले आम्ल, नेमके काय बाधले हे मला सांगता येणार नाही. खडक भिजवायला महिना दिला, सांध्याला मात्र एक रात्र. आप्पांनी पेटीत पाहिले आणि काही न बोलता पाणी उपसायला बादली आणली.

शेजारी काचकाम करणारे गुजराती काका होते. ते म्हणाले, "भाई, पहेलां सुकावा दो, पछी पाणी." त्यांच्याकडून आणि पुढच्या अनुभवातून जे शिकलो ते असे. पेटी रिकामी व कोरडी करावी. ओल्या काचेवर सिलिकोन धरत नाही. जुन्या सिलिकोनवर नवा बसत नाही, म्हणून तो पात्याने खरवडावा, मात्र काचांचे सांधे जोडणाऱ्या सिलिकोनला पाते लावू नये. काच अॅसिटोनने पुसावी. फळी काचेची, कडा घासलेली असावी. अॅक्रिलिकवर सिलिकोनची पकड टिकत नाही. सिलिकोन बुरशीरोधक नसलेला, पेटीसाठीचाच घ्यावा. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, थांबावे आणि पहिले पाणी ओतून द्यावे. खडकांचे वजन तळाने पेलावे, फळीने फक्त आधार द्यावा. रबरी चोषकांवर भार टाकू नये. ते कडक होऊन सुटतात. लोहचुंबक वापरायचे तर आवरणाला चीर नको, नाहीतर खाऱ्या पाण्यात गंजतात. काचेच्या दोन बाजूंनी ते हळू जवळ आणावेत, आदळले तर काच तडकते. पितळ वा तांब्याचा स्क्रू आत कधीच नको. तांबे कोळंबीला विष.

सुरत महानगरपालिकेचे पाल येथील मत्स्यालय २०१४ मध्ये उघडले. पहिल्यांदा गेलो तेव्हा माशांपेक्षा माझी नजर पेट्यांच्या कडांवरच फिरली. आप्पा आता नाहीत. त्यांची लोखंडी पेटी गंजून कधीच भंगारात गेली. नवीन पेटी भरली की मी पहिले पाणी ओतून देतो. मुलगी कुरकुर करते. मी तिला म्हणतो, पेटीला आधी पाणी पिऊ दे.