शेक : एका शब्दाची आणि एका उपचाराची हकिकत

मराठवाड्यात किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. ‘तीस शेक सांगितलेत,’ असे नातेवाईक एकमेकांना सांगतात. दुखऱ्या गुडघ्याला विटेचा शेक, बाळंतिणीला शेगडीचा शेक, तसाच हा यंत्राचा. शब्द घरगुती असल्याने धीर देतो आणि तितकीच दिशाभूलही करतो. मेंदूत गाठ निघाली आणि ‘डोक्याला शेक’ म्हटले, की ऐकणाऱ्याला वाटते, आता मेंदू भाजणार. प्रत्यक्षात किरण सुरू असताना ऊब जाणवत नाही, चटका बसत नाही, दुखतही नाही. मग हे तीस दिवस नेमके काय चालते आणि ही तिशी आली कोठून, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू.

भाजण्याची भीती निराधार मात्र नाही. ती जुन्या काळाची शिल्लक आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले आणि लगोलग डॉक्टरांनी दोन्ही गाठींवर वापरून पाहिले. मोठ्या मात्रेने कातडी खरोखर जळत असे. यातून वाट काढली पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लोद रगो आणि आंरी कुतार यांनी, १९२० च्या दशकात. तीच मात्रा रोज थोडी थोडी वाटून दिली, तर निरोगी भाग सावरतो, असे त्यांना आढळले. किरण पेशीतील डीएनए तोडतात. निरोगी पेशी पुढच्या हप्त्यापर्यंत बरीच दुरुस्ती करून घेते. गाठीच्या पेशीला ती तितकी जमत नाही. तीस दिवसांचे मूळ या फरकात आहे.

पुढची अडचण कवटीची. कातडी वाचवून खोलवर पोचणारे किरण हवे होते. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रे रुग्णांसाठी सुरू झाली, दोनच वर्षांनी लंडनमध्ये लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर आला. तरीही गाठ नेमकी कोठे आहे, हे पुष्कळदा अंदाजानेच ठरवावे लागे. त्यामुळे अनेकदा सगळ्या मेंदूवर किरण सोडले जात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले आणि नेम धरण्याचे शास्त्र सुरू झाले.

या उपचाराने काय साधते? १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, घातक ग्लायोमाच्या शस्त्रक्रियेनंतर केवळ शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान १४ आठवडे होते, तर किरण मिळालेल्यांचे सुमारे ३५ आठवडे. २००५ मध्ये युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीत ६० ग्रे मात्रा ३० हप्त्यांत दिली होती. जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी शेकडा २६ जण हयात होते, नुसते किरण घेणाऱ्यांपैकी १०. आकडे कठोर आहेत, पण ते ग्लायोब्लास्टोमाचे आहेत. मेनिन्जिओमा किंवा पीयूषिका ग्रंथीची गाठ यांची गोष्ट पुष्कळच आशादायक असते. म्हणून ‘मेंदूची गाठ’ एवढ्यावर न थांबता बायॉप्सीच्या कागदावरचे नाव विचारून घ्यावे.

घराघरांत आणखी एक शंका असते : ‘शेजारच्याला तीस, आमच्या आबांना पंधराच का?’ आपल्या माणसावरची आशा सोडली, असा तिचा अर्थ लावला जातो. २००४ मध्ये कॅनडातील एका चाचणीत साठीपुढच्या १०० रुग्णांत ३० हप्त्यांत ६० ग्रे आणि १५ हप्त्यांत ४० ग्रे यांची तुलना झाली. आयुष्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्यांच्याजवळ दिवस मोजके आहेत, त्यांचे तीन आठवडे वाचले, एवढेच. पंधरा म्हणजे अर्धवट उपचार नव्हे.

आता प्रत्यक्ष क्रम. प्रथम मुखवटा. जाळीदार प्लास्टिकची चादर गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात; काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. या सगळ्या ‘शेका’त रुग्णाला जाणवणारी ऊब तेवढीच. मग मुखवट्यासह स्कॅन, आणि डॉक्टर व भौतिकतज्ज्ञ मिळून आखणी करतात. त्यात काही दिवस जातात. पुढे सोमवार ते शुक्रवार रोज दहा-पंधरा मिनिटे. खोलीत रुग्ण एकटा असतो, पण कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष असते. हात वर केला की यंत्र थांबवता येते. दोन-तीन आठवड्यांनी किरणांच्या वाटेवरचे केस गळतात. थकवा वाढत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. सूज वाढली तर डोके दुखते, उलट्या होतात; तेव्हा डेक्सामेथासोन देतात. त्याने साखर वाढू शकते आणि ते मनाने एकदम बंद करायचे नसते. काहींची स्मरणशक्ती काही महिन्यांनी वा वर्षांनी मंदावते. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात मात्र किरण उरत नाहीत. नातवाला त्याने खुशाल मांडीवर घ्यावे.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्य गेले, मुंबईची वाट तीच राहिली. १९९० च्या दशकात माझ्या थोरल्या भावाला आम्ही त्याच वाटेने नेले. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत सहा आठवडे काढले. वहिनी तिथल्या ओट्यावर बसून कॅलेंडरवर रोज एक चौकट खोडत असे. आमच्या शेजारच्या खाटेवरचे परभणीकडचे गृहस्थ एकोणिसाव्या हप्त्यानंतर पेरणीसाठी गावी गेले, ते परतले नाहीत. मृग कोणासाठी थांबत नाही, आणि गाठही.

म्हणूनच २०१२ या सालाला मी या इतिहासात मोठे स्थान देतो. त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी राज्याच्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये महात्मा फुलेंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शस्त्रक्रिया एकदाच करून घेता येते, त्यासाठी एकदा मुंबई गाठता येते. किरणोपचार मात्र रोज घ्यावा लागतो. पॅरिसमध्ये ठरलेल्या त्या लहान हप्त्यांची किंमत जालना-बीड-परभणीचा रुग्ण एसटीच्या तिकिटांत आणि बुडालेल्या मजुरीत मोजतो. अंतर कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

राहता राहिला शब्द. वैद्यकीत आपल्याकडे ‘मात्रा’ हा जुना शब्द आहे. मोजून, वेळेवर, ठरल्या दिवसांपर्यंत द्यायची ती मात्रा. किरणोपचाराचे खरे वर्णन त्यात आहे. ‘शेक’ बोलीतून जाणार नाही, जाऊही नये. पण डोक्याला शेक सांगितले म्हणून घाबरलेल्या माणसाला कोणी एवढे जरी सांगितले, की ही तीस दिवसांची मात्रा आहे आणि ती मध्येच सोडायची नाही, तरी पुष्कळ झाले.