प्रसामान्य वितरण आणि व्यवहारातील संभाव्यता

प्रसामान्य वितरण (प्रसामान्य वंटन) हे संख्याशास्त्रातील एक मूलभूत संभाव्यता वितरण आहे. त्याचा आलेख घंटेच्या आकाराचा आणि मध्याभोवती सममित असतो. मोजमापातील चुका, एका लोकसमूहातील प्रौढ स्त्रियांची उंची, यंत्राने भरलेल्या पुड्यांचे वजन अशा अनेक राशी स्थूलमानाने या वितरणाला अनुसरतात. अशा राशींबाबत मध्य आणि प्रमाण विचलन या दोनच संख्या ठाऊक असल्या, तरी संभाव्यतेचे अनेक प्रश्न सोडवता येतात.

स्वरूप

अनेक लहान आणि परस्परांपासून स्वतंत्र कारणांच्या बेरजेतून एखादी राशी घडत असेल व त्यांपैकी कोणतेही एक कारण वरचढ नसेल, तर त्या राशीचे वितरण प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाते. केंद्रीय सीमा प्रमेयाचा हा आशय आहे. प्रसामान्य वितरणात मध्यापासून दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के, दोहोंच्या आत ९५ टक्के आणि तिहींच्या आत ९९.७ टक्के मूल्ये येतात.

पद्धत

दिलेल्या मूल्याचे प्रथम प्रमाणित मूल्यात रूपांतर करतात :

प्रमाणित मूल्य = (दिलेले मूल्य − मध्य) ÷ प्रमाण विचलन

या मूल्याशी निगडित संभाव्यता प्रमाणित प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकातून वाचतात. प्रत्येक राशीसाठी निराळे कोष्टक लागत नाही, हा या रूपांतराचा मुख्य लाभ होय.

उदाहरणे

१. प्रवासाचा वेळ : समजा, घरापासून स्थानकापर्यंत सरासरी ४० मिनिटे लागतात आणि प्रमाण विचलन ५ मिनिटे आहे. गाडी सुटण्यापूर्वी ५० मिनिटे घर सोडल्यास प्रमाणित मूल्य (५० − ४०) ÷ ५ = २ येते. गाडी चुकण्याची संभाव्यता सुमारे ०.०२३, म्हणजे शंभरात दोनांहून किंचित अधिक ठरते.

२. पुड्याचे वजन : साखरेच्या १,००० ग्रॅमच्या पुड्यांपैकी १ टक्क्याहून अधिक पुडे कमी वजनाचे नसावेत, अशी अट आहे. कोष्टकानुसार यासाठी मध्य १,००० ग्रॅमच्या वर २.३३ प्रमाण विचलने असावा लागतो. यंत्राचे प्रमाण विचलन ५ ग्रॅम असल्यास मध्य सुमारे १,०१२ ग्रॅम ठेवावा लागेल. ते २ ग्रॅम असल्यास १,००५ ग्रॅम पुरेल. यंत्राच्या अचूकतेमुळे प्रत्येक पुड्यामागे सुमारे ७ ग्रॅम साखर वाचते.

३. नाणेफेक : नाणे १०० वेळा उडवल्यास छाप्यांच्या संख्येचा मध्य ५० व प्रमाण विचलन ५ असते. छापांची संख्या पूर्णांकच असल्याने '६० किंवा अधिक' यासाठी ५९.५ ही सीमा घेतात. यास सातत्य दुरुस्ती म्हणतात. प्रमाणित मूल्य १.९ व संभाव्यता ०.०२८७ येते. द्विपद वितरणाने काढलेले अचूक उत्तर ०.०२८४ आहे.

मर्यादा

राशी प्रसामान्य नसल्यास गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते. उत्पन्नाचे वितरण सममित नसते. थोड्या व्यक्तींच्या मोठ्या उत्पन्नामुळे मध्य वर ओढला जातो. पहिल्या उदाहरणातील प्रवासही वाहतूक कोंडीमुळे तासभर लांबू शकतो, परंतु तितकाच लवकर संपू शकत नाही. अशा वेळी कोष्टक उशिराचा धोका कमी दाखवते. घटना परस्परांवर अवलंबून असल्यास, तसेच मध्यापासून फार दूरच्या दुर्मीळ मूल्यांबाबत ही चूक विशेष मोठी ठरते. म्हणून कोष्टकाकडे वळण्यापूर्वी उपलब्ध नोंदींचा स्तंभालेख काढून तो सममित आहे काय, हे पाहणे आवश्यक असते.

इतिहास

नाणेफेकीसारख्या प्रश्नांतील लांबलचक आकडेमोड टाळण्यासाठी आब्राम द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये द्विपद वितरणाचे आसन्न रूप म्हणून हा वक्र मांडला. क्रिस्टियान क्रांप यांचे संबंधित कोष्टक १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८०९ मध्ये खगोलीय निरीक्षणांतील चुकांच्या अभ्यासासाठी हे वितरण वापरले. त्यामुळे त्यास गाउसीय वितरण असेही म्हणतात.